डोंगरपट्ट्यातील उन्हाळा आणि उपासनेचा गायक

वसईच्या किनारपट्टीवर उन्हाळा म्हणजे विवाहांचा आणि सणांचा हंगाम. मुले सुटीवर असतात, परगावी गेलेली माणसे घरी येतात आणि चर्चमधील गायकवृंदाला उसंत मिळत नाही. परंतु आपल्याच धर्मप्रांताच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात, जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत, उन्हाळ्याचा अर्थ निराळा आहे. तेथे उन्हाळा म्हणजे आटलेल्या विहिरी, दूरवरून आणलेले हंडे, वीटभट्ट्यांवरून परतणारी कुटुंबे आणि पहिल्या पावसाआधी उरकायची लग्ने. नेमक्या याच तीन-साडेतीन महिन्यांत ख्रिस्ती उपासनेच्या वर्षातील सर्वांत मोठे दिवस येतात: उपवासकाळाचा उत्तरार्ध, पवित्र सप्ताह, पुनरुत्थानाचा सण, पवित्र मरियेला वाहिलेला मे महिना आणि पेन्टेकॉस्ट.

या सर्व दिवसांचा गायनभार जो उचलतो, त्या डोंगरातील गायनप्रमुखाविषयी आम्ही आज लिहीत आहोत. कुणा एका व्यक्तीचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. अशा ठिकाणी गाणी सांगणारा माणूस बहुधा दुसरेच काही काम करून पोट भरणारा असतो. कधी तो धर्मशिक्षक असतो, कधी शाळेत शिकवणारा, कधी वसतिगृहात शिकून गावी परतलेला तरुण, तर कधी उत्तम गळा लाभलेली गृहिणी. उन्हाळ्यात त्याच्यावर जे ओझे पडते, ते केवळ गाण्यांच्या संख्येचे नाही. विखुरलेल्या समाजाला प्रार्थनेत एकत्र बांधून ठेवण्याचे काम त्या दिवसांत फार मोठ्या प्रमाणात त्याच्या गळ्यावर अवलंबून असते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: हे काम सेवाकार्य म्हणून मान्य करण्याची, त्याला शिक्षण व मानधन देण्याची आणि त्याच्या समाजाच्या सुरांना वेदीजवळ जागा देण्याची वेळ आली आहे.

प्रदेश आणि त्याची माणसे

२०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. दोन्ही तालुक्यांत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी हे येथील प्रमुख समाज. जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले. पुढे हा भाग ठाणे जिल्ह्यात राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा किनाऱ्यावरील शतकांची परंपरा असलेले धर्मग्राम आणि डोंगरातील तरुण मिशनकेंद्रे एकाच महागुरुस्वामींच्या छत्राखाली आली.

या दोन भागांतील अंतर नकाशावर शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे दिसते. प्रत्यक्षात ते त्याहून मोठे आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा या प्रदेशाचे नाव देशभर गेले. त्यानंतर योजना आल्या, रस्ते झाले, दवाखाने वाढले. तरीही उन्हाळ्यातील पाण्याची टंचाई आणि रोजगारासाठीचे स्थलांतर या दोन गोष्टी संपलेल्या नाहीत. येथील उपासनेचा विचार या दोहोंना वगळून करता येत नाही.

एका उन्हाळ्याचा हिशेब

गायनप्रमुखाच्या उन्हाळ्याचा हिशेब मांडून पाहू. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीची गीते आणि दुःखसहनाचा वृत्तान्त. पवित्र गुरुवारी महिमागीत पुन्हा एकदा म्हटले जाते, पाय धुण्याच्या विधीला गीत लागते, पवित्र साक्रामेंत दुसऱ्या जागी नेताना स्तोत्र लागते. शुक्रवारी क्रूसवंदनेची दीर्घ गीते. शनिवारच्या रात्री पास्काचे घोषणागीत आणि त्यानंतर जुन्या करारातील वाचनांची मालिका. पूर्ण विधी केला तर ही सात वाचने होतात आणि प्रत्येक वाचनामागे एक प्रतिसादगीत येते. चाळीस दिवस न उच्चारलेला ‘आलेलुया’ त्याच रात्री परत येतो आणि तो पहिल्यांदा उचलून देण्याची जबाबदारी बहुधा याच गायकावर पडते.

येथे एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. पवित्र गुरुवारच्या महिमागीतानंतर पुनरुत्थानाच्या रात्रीच्या महिमागीतापर्यंत वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवावीत, असे चर्चची शिस्त सांगते. म्हणजे वर्षातील सर्वांत पवित्र दोन दिवसांत कीबोर्ड असलेले चर्च आणि नसलेले चर्च एका पातळीवर येतात. ज्या केंद्राचे गाणे लोकांच्या गळ्यात आहे, तेथे ते दिवस भरून जातात. ज्या केंद्राचे गाणे यंत्रावर आणि ध्वनिक्षेपकावर उभे आहे, तेथे एकाएकी सारे मुके होते.

पुनरुत्थानाच्या सणानंतरही विश्रांती नाही. मुलांना सुट्या लागतात तशी धर्मशिक्षणाची शिबिरे सुरू होतात. त्यांत गाणी शिकवायला माणूस हवा असतो. मग प्रथम ख्रिस्तप्रसादाचे समारंभ येतात, मे महिन्यात पाड्या-पाड्यांवर रोझरी होते आणि लग्ने तर असतातच. डोंगरात धर्मगुरू थोडे आणि पाडे अनेक. ज्या पाड्यावर धर्मगुरूला महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच पोहोचता येते, तेथे मधल्या रविवारी प्रार्थनेला लोक जमतात ते गाणे सांगणाऱ्याच्या हाकेवर. वाचन, चिंतन, विनंत्या आणि गीते अशा त्या तासाभराच्या प्रार्थनेत गीत हाच विधीचा कणा ठरतो. इतके सारे करून हा माणूस सोमवारी सकाळी आपल्या रोजच्या कामावर हजर असतो.

अर्धा गायकवृंद वीटभट्टीवर

या हिशेबात एक मोठी उणीव असते आणि ती माणसांची. दिवाळीनंतर भाताची कामे संपली की येथील अनेक कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई, वाडा या भागांत वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर किंवा रेतीच्या कामावर जातात. मालकाकडून आधी घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून राबतात, मुलेही बरोबर जातात. होळीला काहीजण चार दिवस घरी येतात, पुन्हा कामावर परततात आणि पावसाच्या तोंडावर कायमचे माघारी येतात. ज्या गायकवृंदाने नाताळात गावे अशी अपेक्षा असते, तो नाताळातच पांगलेला असतो. पवित्र सप्ताहातही त्याची तीच अवस्था असते.

होळीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. शिमगा हा डोंगरातील सर्वांत मोठ्या सणांपैकी एक. पुनरुत्थानाच्या सणाची तारीख पौर्णिमेवर ठरत असल्यामुळे शिमगा जवळजवळ नेहमीच उपवासकाळात येतो. २०२४ साली तर होळीपौर्णिमा आणि झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी, २४ मार्चला आले. होळीसाठी गावी आलेला माणूस त्या सकाळी झावळी हाती घेऊन मिरवणुकीत आणि संध्याकाळी गावच्या होळीपाशी असू शकतो. याला विसंगती म्हणून झिडकारायचे की दोन्हीकडे उभ्या असलेल्या त्या माणसाला समजून घ्यायचे, हा प्रश्न गायनप्रमुखापुढे पुस्तकातून येत नाही. तो त्याच्या स्वतःच्या घरातून येतो.

स्थलांतराचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. गीत परंपरेने शिकले जाते. मोठ्यांच्या शेजारी उभे राहून लहानांनी ते उचलायचे असते. सहा-सात महिने भट्टीवर राहणारे मूल ना शाळेत नीट टिकते, ना गाण्यात. प्रत्येक उन्हाळ्याच्या अखेरीस गायनप्रमुखाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि जी कुटुंबे भट्टीवर आहेत, त्यांचा पवित्र शुक्रवार कसा जातो? ती ज्या किनारपट्टीजवळ राबतात, तेथे आमची भव्य चर्च आहेत, तेथील गायकवृंद नावाजलेले आहेत. परंतु मातीने माखलेल्या कपड्यांनी तेथे प्रवेश करण्याचा धीर किती जणांना होतो, हा प्रश्न किनाऱ्यावरील धर्मग्रामांनी स्वतःला विचारावा असे आम्हांस वाटते.

पाण्याची गोष्टही याच उन्हाळ्यातली. पुनरुत्थानाच्या रात्री पाण्याला आशीर्वाद दिला जातो, बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी होते आणि ते पाणी सर्वांवर शिंपडले जाते. मोखाड्यात भरपूर पाऊस पडतो. याच तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईला मिळते. त्याआधीपासून वैतरणेवरील मोडकसागर मुंबईची तहान भागवीत आला आहे. तरीही एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या समुदायाच्या स्त्रिया पहाटे हंडा घेऊन दरीत उतरतात, त्या समुदायाने जीवनदायी पाण्याचे गीत गावे, तेव्हा त्या शब्दांना जो अर्थ येतो तो नळाच्या गावात येत नाही. तेथील गायकाने तो अर्थ आपल्या बोलीत मांडला, तर सगळा धर्मप्रांत समृद्ध होईल.

चर्च काय सांगते

संगीताविषयी चर्चची भूमिका गेल्या शतकभरात बरीच पुढे आली आहे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी दिलेल्या आज्ञेत ग्रेगोरियन गायनाला आदर्श मानले. त्याचबरोबर लोकांनी उपासनेत सहभागी व्हावे ही इच्छाही त्यांनी व्यक्त केली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील संविधान प्रसृत केले. त्याच्या सहाव्या प्रकरणात पवित्र संगीताचा विचार आहे. ज्या समाजांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे त्या परंपरेला योग्य मान व स्थान द्यावे आणि मिशनऱ्यांनी तिचे शिक्षण घ्यावे, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. ऑर्गनखेरीज इतर वाद्येही, पवित्र कार्याला साजेशी असल्यास, स्वीकारता येतात. १९६७ च्या संगीतविषयक निर्देशनाने हेच सूत्र पुढे नेले आणि गायकवृंद हा मंडळीचाच भाग आहे, तिच्या बदली गाणारा नव्हे, हे अधोरेखित केले.

या शिकवणीला कृतीची जोड मिळालेली उदाहरणे जगात आहेत. काँगो देशातील चर्चने आपल्या लोकांच्या सुरांत आणि हालचालींत मिस्साविधी घडवला. रोमने त्यास १९८८ साली मान्यता दिली आणि १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या महामंदिरात त्या पद्धतीने मिस्सा अर्पण केली. आपल्याच देशात छोटानागपूरच्या उरांव, मुंडा आदी ख्रिस्ती समाजांत मांदर हे वाद्य आणि सामूहिक नृत्य उपासनेच्या मिरवणुकांत सहजपणे सामावले आहे. तेथे कुणी त्याला अधार्मिक मानीत नाही.

मराठीचा धडा आणि त्याची मर्यादा

महाराष्ट्रालाही ही वाट अपरिचित नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. बायबलची कथा लोकांच्या कानावर त्यांच्याच छंदात पडावी, हा त्यांचा विचार चारशे वर्षांपूर्वीचा आहे. पुढे प्रोटेस्टंट बांधवांत अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर अभंग आणि भजन यांना ख्रिस्ती उपासनेचे अंगभूत रूप दिले. परक्या चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची गीते आजही पंथभेद ओलांडून गायिली जातात.

मात्र या थोर वारशाची एक मर्यादा आपण ध्यानी घेतली पाहिजे. टिळकांनी जे उत्तर शोधले, ते देशावरच्या मराठी समाजासाठी होते. अभंग, टाळ, मृदंग आणि संतांची भाषा ही जव्हारच्या वारल्याच्या घरातली नाहीत. त्याच्या घरात वारली बोली आहे, कोकण्याच्या घरात कोकणा. शाळेतली प्रमाण मराठी तो शिकतो, पण रडतो आणि लग्नात गातो तो आपल्या बोलीत. वसईच्या सामवेदी वा वाडवळ माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. आपल्या बोलीतील लग्नगीतांचा त्याला किती अभिमान आहे हे आपण जाणतो. मग डोंगरातील भावाने मात्र किनाऱ्यावरून आलेली गीतपुस्तिका आणि कीबोर्डच्या तयार ताल-ठेक्यांवर बसवलेली गाणी मुकाट्याने स्वीकारावीत, अशी अपेक्षा का? परक्या चालींचे ओझे झुगारण्याचा जो हक्क टिळकांनी बजावला, तोच हक्क त्याचाही आहे.

तारपा फाटकाशी, कीबोर्ड वेदीशी

या प्रदेशाचे संगीत किती श्रीमंत आहे! वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांपासून बनलेला तारपा सर्वांना ठाऊक आहे. वादक श्वास न तोडता वाजवतो, त्याच्याभोवती स्त्री-पुरुष हात गुंफून फेर धरतात आणि त्याने चाल बदलली की पावले बदलतात. गंजाडचे चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून हा फेर जगभर पोहोचला. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या वाद्याला राष्ट्राने मान दिला. याखेरीज कणसरी मातेची कथा सांगताना वाजणारी घांगळी आहे, कोकण्यांचा ढोल आहे, होळीनंतरच्या दिवसांत मोखाडा-जव्हार परिसरात रंगणाऱ्या बोहाड्यातील मुखवट्यांच्या सोंगांना साथ देणारे संबळ आणि सनई आहेत.

आपल्याकडे या संगीताला स्थान मिळते ते बहुधा पाहुण्यांच्या स्वागतापुरते. महागुरुस्वामी वा अन्य मान्यवर आले की फाटकाशी तारपा वाजतो, फेर धरला जातो, छायाचित्रे निघतात. मग मिरवणूक चर्चमध्ये शिरते आणि तेथे कीबोर्ड सुरू होतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. परंतु नकळत एक संदेश दिला जातो: तुमचे संगीत कौतुकाला ठीक, प्रार्थनेला नव्हे.

याचा अर्थ तारपा उचलून वेदीशेजारी ठेवावा, इतका सोपा मात्र नाही. तारप्याचा मूळ हंगाम भात पिकण्याचा आणि कापणीचा. पुनरुत्थानाच्या दिवशी, ऐन उन्हाळ्यात, कुणी बाहेरून उत्साहाने तारपा वाजवायला सांगितले, तर जुन्याजाणत्यांना ते खटकेल. त्याची जागा नव्या भाताच्या कृतज्ञतेच्या मिस्सेत अधिक स्वाभाविक ठरेल. उन्हाळ्याचे संगीत निराळे आहे आणि ते लग्नाचे आहे. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी. ती स्त्री असते आणि गीतांतूनच विधी पुढे नेते. सोबतच्या स्त्रिया तिला साथ देतात. तिच्या गाण्याला ना वीज लागते, ना यंत्र. उपासनेत गाणे सांगणारी व्यक्ती म्हणजे काय, हे या समाजाला आपण शिकवण्याची गरज नाही. मिस्सेतील प्रतिसादस्तोत्र हेही असेच आहे: एकाने म्हणावे, सर्वांनी उचलावे. उन्हाळ्यातील उपासनेसाठी डोंगरातील चर्चला हवा असलेला साचा तिच्या दारीच उभा आहे आणि तो स्त्रियांच्या गळ्यात आहे.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा की ही वाद्ये व गीते विशिष्ट दैवतांच्या पूजेशी जोडलेली आहेत. हे खरे आहे. म्हणूनच प्रत्येक चाल व प्रत्येक वाद्य सरसकट घेता येणार नाही. घांगळी जिच्या कथेसाठी वाजते ती कणसरी वारल्यांची अन्नदात्री आहे. आपला ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांच्या पवित्र वस्तू परवानगीवाचून उचलणे हा त्यांचाही अनादर आहे. कापणीची, पाळण्याची, लग्नातल्या निरोपाची गाणी वेगळी आणि देव अंगात आणण्याची वेगळी, हा विवेक बाहेरचा विद्वान करू शकत नाही. तो त्या समाजातील ज्येष्ठांनीच करायचा आहे.

दुसरा आक्षेप खुद्द तेथील ख्रिस्ती लोकांचा असू शकतो. भगताच्या भीतीतून आणि दारूच्या जाचातून बाहेर पडलेल्या कुटुंबाला जुना सूर जुन्या भयाची आठवण करून देऊ शकतो. अशा माणसावर ‘तुझी संस्कृती’ म्हणून काही लादणे हाही अन्यायच. त्याच्या तरुण मुलाला कीबोर्ड आणि गिटारच हवी असेल, तर तोही त्याचा अधिकार आहे. निवड त्यांची असावी; आज अडचण ही आहे की निवडीसाठी दुसरा पर्याय त्यांच्यापुढे ठेवलाच जात नाही.

तिसरा आक्षेप बाहेरून येतो. आदिवासी संगीत चर्चमध्ये आणणे हे लोकांना ओढण्याचे साधन आहे, असा आरोप होतो. आणि ते न आणल्यास चर्चने आदिवासींची संस्कृती मोडली, असाही आरोप होतो. धर्म बदललेल्यांना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, ही मागणी अलीकडच्या वर्षांत सभा-मोर्चांतून मांडली जात आहे. या बाबतीत १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली केरळ राज्य विरुद्ध चंद्रमोहनन या खटल्यात सांगितले की केवळ धर्मांतराने जमातीचे सदस्यत्व संपत नाही. ती व्यक्ती जमातीच्या चालीरीती व परंपरा पाळते का आणि तिच्या सामाजिक अडचणी कायम आहेत का, हे त्या त्या प्रकरणी पाहावे लागेल. म्हणजे गाणे, नाच, लग्नाची रीत या गोष्टी आता न्यायालयातही विचारात घेतल्या जातात. तथापि सवलती टिकाव्यात म्हणून सूर टिकवावेत, असे आम्ही म्हणणार नाही. ख्रिस्ताचा स्वीकार करणाऱ्याने आपल्या आईचे गाणे मागे सोडावे, असे ख्रिस्ताने कधीही सांगितले नाही, एवढे कारण आम्हांस पुरेसे आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट मानधनाची. किनारपट्टीवर गायक-वादकांच्या श्रमाचे मोल आपण जाणतो. लग्नाच्या मिस्सेसाठी त्यांना मानधन देण्याची रीत रुळत आहे. डोंगरातील गायनप्रमुखाला ‘सेवा’ हा एकच शब्द दिला जातो. सेवा ही खरीच. पण पवित्र सप्ताहात चार दिवसांची मजुरी बुडवून गाणाऱ्याच्या घरीही चूल असते. संपन्न धर्मग्रामांनी एकेका मिशनकेंद्राच्या गायनप्रमुखाचा उन्हाळ्याचा भार उचलावा. रक्कम मोठी लागणार नाही.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. उपासनेचे वर्ष, विधींचा क्रम, कोणत्या क्षणी कोणते गीत आणि का, हे त्यांना शिकता आले पाहिजे. हे शिबिर ऐन उन्हाळ्यात ठेवून त्यांच्यावरील ताण वाढवू नये; भातलावणी आटोपल्यावरच्या दिवसांत, त्यांच्याच भागात ठेवावे. तेथे शिकवायला किनाऱ्यावरचे संगीतज्ञ जावेत आणि शिकायलाही जावेत.

तिसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. वृद्ध स्त्रियांच्या गळ्यातील लग्नगीते आणि कापणीची गीते त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवावीत. ती वेदीपर्यंत येतील की नाही हे पुढे ठरेल. पण ती हरवू नयेत, ही निकड आजची आहे.

चौथी आणि सर्वांत तातडीची गोष्ट भट्टीवरील कुटुंबांची. भिवंडी-वसई परिसरात राबणाऱ्या जव्हार-मोखाड्याच्या माणसांसाठी पवित्र सप्ताहात भट्टीजवळच, त्यांच्या बोलीत प्रार्थना व्हावी. त्यासाठी गाणे सांगणारा त्यांच्यातीलच असावा. त्याची जाण्यायेण्याची व्यवस्था जवळच्या धर्मग्रामाने करावी. त्या वेळी त्यांच्या उचलीची, मजुरीची आणि मुलांच्या शाळेची विचारपूसही करावी. रात्रीच्या विधीत मुक्तीचे गीत गाणाऱ्या मंडळीला सकाळी कर्जाच्या बेडीकडे काणाडोळा करता येणार नाही.

जूनमध्ये पाऊस येतो, भट्ट्या बंद होतात, माणसे परततात आणि शेताची कामे सुरू होतात. गायनप्रमुखाचा उन्हाळा संपतो. तोही नांगरामागे जातो. पुढच्या उपवासकाळापर्यंत त्याची आठवण आपल्याला राहत नाही. वाचकहो, तोवर किनाऱ्यावरील एकेका धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेने आपल्या बैठकीत एक साधा प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावा: डोंगरातील कोणत्या केंद्राचा गायक आपला आहे आणि येत्या पवित्र सप्ताहात आपण त्याच्यासाठी काय करणार आहोत? त्याचे उत्तर पावसाळ्यातच ठरले, तर उन्हाळ्यात त्याला एकट्याने गावे लागणार नाही.